नाव मोठे, मैदान केवढे?

घोडपदेवातल्या शाळकरी पोराला किलियन एम्बापे कोण, हे सांगावे लागत नाही. त्याची धाव, गोल केल्यावर हाताची घडी घालून उभे राहण्याची त्याची लकब, रेआल माद्रिदची जर्सी, सगळे त्याच्या मोबाइलवर रोज येऊन जाते. त्याच पोराला निकोला अनेल्का कोण असे विचारले, तर बहुधा नकारार्थी मान हलेल. एम्बापे मुंबईच्या कुठल्याही संघाकडून खेळलेला नाही. अनेल्का मात्र मुंबई सिटी एफसीचा निळा गणवेश घालून दोन हंगाम उतरला, तोही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. रे रोडला पनवेल लोकल पकडली की पाऊण-एक तासात गाठता येणारे हे ठिकाण.

या विसंगतीतून एक मोठा प्रश्न उभा राहतो. परदेशी खेळाडूची कीर्ती, त्याची इंटरनेटवरची लोकप्रियता आणि आपल्या वस्तीतला खेळ यांचा परस्परांशी संबंध काय? फ्रेंच खेळाडू हा या प्रश्नाचा चांगला धागा आहे. गेल्या दशकभरात मुंबई, पुणे आणि गोवा या तिन्ही ठिकाणी फ्रेंच फुटबॉलपटू येऊन गेले. कुणी कीर्ती घेऊन आला, कुणी इथे येऊन ती मिळवली. त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब मांडला, तर कीर्ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

आधीची मुंबई

मुंबईच्या फुटबॉलची सुरुवात परदेशी ताऱ्यांपासून झाली, असे मानणे चूक ठरेल. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. पहिली काही दशके त्यावर गोऱ्या पलटणींचे राज्य होते. ते १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्सने मोडले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी हा चषक जिंकला आणि कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकांनी तो खेळ डोळ्यांनी पाहिला. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचाच, टाटांच्या संघातला.

तेव्हाच्या मुंबईत फुटबॉल चालायचा तो कंपन्यांच्या जिवावर. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळायची, महिन्याचा पगार मिळायचा आणि संध्याकाळी सराव. या व्यवस्थेत ग्लॅमर कमी होते, पण पोटाची काळजी नव्हती. जानेवारी १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा कणा मोडला. कंपन्यांच्या संघांनाही पुढे हळूहळू ओहोटी लागली. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेडसारखा संघ २०१०मध्ये बंद करण्यात आला. संघ मैदानावर हरला नव्हता, कंपनीने निर्णय घेतला आणि तो संपला. फुटबॉल पैशावर उभा राहतो, पण त्याची मुळे वस्तीत नसतील तर पैसा निघून जाताच खेळही निघून जातो, हा धडा मुंबईला फ्रेंच खेळाडू येण्याच्या चार वर्षे आधीच मिळालेला होता.

लालबाग-परळपासून घोडपदेवपर्यंतच्या पट्ट्यात कबड्डी आणि क्रिकेट तगले आणि फुटबॉल मागे पडला, त्याचे कारण आवडीनिवडीत शोधू नये. कबड्डीला चाळीचे पटांगण पुरते. अंडरआर्म क्रिकेटला गल्ली पुरते. अकरा विरुद्ध अकरा फुटबॉलला मात्र शंभर मीटर लांबीचे सपाट मैदान लागते, आणि तेच इथे नव्हते.

एकाच विजयी संघाचे तिघे

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, बड्या उद्योगांचा पैसा, चित्रपट आणि क्रिकेटमधले मालक. प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू घ्यायचा होता, म्हणजे ज्याच्या नावावर तिकीट खपेल आणि टीव्ही लागेल असा. वय पस्तिशीच्या पुढे असले तरी चालेल, नाव मात्र हवे.

त्या हंगामात एक योगायोग घडला, ज्याची त्या वेळी फारशी दखल घेतली गेली नाही. २००० सालची युरोपीय स्पर्धा जिंकणाऱ्या फ्रान्सच्या चमूतले तीन खेळाडू एकाच वेळी आपल्या भागात आले. मुंबईत अनेल्का, पुण्यात डेव्हिड ट्रेझेगे, गोव्यात रोबेर पिरेस. २ जुलै २००० रोजी रॉटरडॅमच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध पिरेसच्या पासवर ट्रेझेगेने ‘गोल्डन गोल’ मारला आणि फ्रान्स जिंकला. चौदा वर्षांनी पास देणारा गोव्याच्या फातोर्ड्यात होता आणि गोल मारणारा पुण्याच्या बालेवाडीत.

मैदानावर मात्र या तिघांकडून फार काही हाती लागले नाही. युव्हेंटसकडून १७१ गोल करणाऱ्या ट्रेझेगेच्या नावावर पुण्यात दोन गोल लागले. जानेवारी २०१५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. आर्सेनलच्या २००३-०४च्या अपराजित संघातला पिरेस गोव्यात ४१ वर्षांचा झाला. प्रशिक्षक झिकोच्या हाताखाली खेळताना त्याची नजर आणि पासची अचूकता शाबूत दिसत होती, पाय तेवढे साथ देत नव्हते. पुणे सिटी हा क्लब तर २०१९मध्ये बंदच पडला आणि त्याच्या जागी हैदराबादला नवा संघ उभा राहिला. पुणेकरांकडे ट्रेझेगेबरोबर काढलेले फोटो राहिले, क्लब राहिला नाही.

अनेल्काचा प्रवास

या तिघांत सगळ्यात गुंतागुंतीची कारकीर्द अनेल्काची, आणि प्रसिद्धीच्या प्रश्नाला ती सगळ्यात जवळची. जन्म १९७९चा, आईवडील मूळचे कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाचे. बालपण पॅरिसच्या पश्चिमेला, त्राप नावाच्या कामगार वस्तीत गेले. सतराव्या वर्षी आर्सेन व्हेंगरने त्याला आर्सेनलला नेले. १९९७-९८मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, पण १९९८च्या विश्वचषकासाठी फ्रान्सने शेवटच्या छाटणीत ज्यांना वगळले त्यांत तो होता. १९९९मध्ये रेआल माद्रिदने त्याच्यासाठी दोन कोटी पौंडांहून अधिक मोजले. तिथे क्लबशी वाजले, निलंबन झाले. त्यातून परतल्यावर त्याने बायर्न म्युनिकविरुद्ध उपांत्य फेरीच्या दोन्ही सामन्यांत गोल केले आणि माद्रिदने चॅम्पियन्स लीग जिंकली.

नंतरचा त्याचा प्रवास म्हणजे रेल्वेचे वेळापत्रकच: पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, इस्तंबूलचा फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम. २००८च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी अडवली गेली आणि चेल्सी हरली. पुढच्याच हंगामात तो १९ गोलांसह इंग्लिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०१०च्या विश्वचषकात प्रशिक्षक रेमों दोमेनेकशी झालेल्या वादानंतर त्याला दक्षिण आफ्रिकेतून घरी धाडले. त्याच्या बाजूने संघाने सरावावर बहिष्कार टाकला आणि फ्रान्सभर गदारोळ झाला. महासंघाने त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी घातली. फ्रान्सकडून ६९ सामने आणि १४ गोल, तिथेच हिशेब थांबला.

विश्वचषकातले हे प्रकरण पेटवले ते एका वृत्तपत्राच्या पहिल्या पानाने. चार वर्षांनी चित्र पालटले होते. डिसेंबर २०१३मध्ये गोल केल्यावर त्याने केलेल्या एका हावभावावर ज्यूविरोधी असल्याचा आक्षेप आला. पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंडांचा दंड झाला. मग १४ मार्च २०१४ रोजी, आपल्या ३५व्या वाढदिवशी, वेस्ट ब्रॉम सोडत असल्याचे त्याने समाजमाध्यमावर परस्पर जाहीर केले. क्लबला बातमी जगाबरोबरच कळली आणि क्लबने त्याचा करार रद्द केला. पुढे ब्राझीलच्या एका क्लबच्या अध्यक्षाने अनेल्का आपल्याकडे येतोय असे ट्विटरवर सांगून टाकले. अनेल्का तिकडे पोहोचलाच नाही. चार वर्षांपूर्वी ज्याच्याविषयी वृत्तपत्र बोलत होते, तो आता थेट जगाशी बोलत होता. पण थेट बोलल्याने त्याची बाजू जास्त लोकांना पटली असे झाले नाही, एवढेही यातून दिसते.

सप्टेंबर २०१४मध्ये तो मुंबईत आला तो असा, सोबत कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही घेऊन. आधीच्या बंदीमुळे सुरुवातीचे काही सामने त्याला बाहेर बसावे लागले. त्या हंगामात त्याने दोन गोल केले आणि मुंबई आठ संघांत सातवी आली. पुढच्या वर्षी क्लबने त्याला खेळाडू-प्रशिक्षक केले. त्याच वर्षीच्या लिलावात १ कोटी २० लाखांना घेतलेला सुनील छेत्री संघात होता आणि त्याने लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक नोंदवली. संघ म्हणून मात्र मुंबई विस्कळीत राहिली. नोव्हेंबर २०१५मध्ये फातोर्ड्यावर गोव्याने तिला ०-७ने हरवले. मुंबई सहावी आली आणि अनेल्काचे मुंबईपर्व संपले.

अनेल्काच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो रास्त आहे. एखादा नवा क्लब जगाच्या नकाशावर यायला नाव लागते. चॅम्पियन्स लीग जिंकलेला माणूस नेरूळला खेळतो, ही बातमी युरोपच्या वृत्तपत्रांत आली, प्रेक्षक स्टेडियमकडे वळले, नव्या पिढीला आपल्या शहराचा एक फुटबॉल क्लब आहे हे कळले. याला उलट उत्तर असे, की बातमी खेळाडूची झाली, क्लबची झाली नाही. तो गेल्यावर बातमीही त्याच्याबरोबर गेली. २०२०मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला, त्यात जगाने त्याला पुन्हा पाहिले. मुंबईच्या फुटबॉलला त्यातून काही मिळाल्याचे दिसत नाही.

नाव इथे कमावलेला

ह्युगो बुमूसची कथा याच्या अगदी उलट्या दिशेची. १९९५चा जन्म, फ्रान्समधल्या रेनचा, मोरोक्कन वंशाचा. ना विश्वचषक, ना बड्या क्लबची मोहर. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून तो मोरोक्कोत गेला आणि तिथून जानेवारी २०१८मध्ये गोव्याला आला. त्याच्या स्वागताला विमानतळावर झुंबड उडण्याचे काही कारण नव्हते.

मार्च २०१९मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनावर लीगचा अंतिम सामना झाला. गोवा हरला, कारण जादा वेळेत ११७व्या मिनिटाला बंगळुरूसाठी हेडर मारला तो मुंबईच्याच राहुल भेकेने. पुढच्या हंगामात बुमूसने ११ गोल केले, १० गोलांना हातभार लावला आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोव्याने साखळी फेरीत अव्वल येऊन लीग विजेत्याची ढाल जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब झाला.

मग मुंबईने करारातली ठरलेली रक्कम मोजून त्याला आणले. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता आणि क्लबची खरेदीची पद्धतच बदलली होती. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, मुर्तादा फॉल, म्हापशाचा मंदार राव देसाई असे अख्खे बिऱ्हाडच गोव्याहून मुंबईला आले. पोस्टरवर कोण चांगला दिसेल यापेक्षा एकमेकांबरोबर कोण चांगला खेळतो, हे पाहून ही निवड झाली होती. २०२०-२१मध्ये मुंबईने ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला विजयी गोल केला.

यातला विरोधाभास असा की कोविडमुळे तो सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. मुंबईचा पहिला करंडक मुंबईकरांनी फक्त पडद्यावर पाहिला. बुमूस तर घरच्या प्रेक्षकांसमोर न खेळताच विजेता होऊन पुढच्या हंगामात कोलकात्याला गेला. तिथे २०२३मध्ये त्याने पुन्हा करंडक जिंकला. मुंबईच्या यशात त्याचा वाटा अनेल्काहून कितीतरी मोठा. पण जुन्या प्रेक्षकांना विचाराल तर नाव आठवते ते अनेल्काचेच. कीर्ती आणि कर्तृत्व यांतली ही दरी आपल्या शहराने इतक्या जवळून पाहिली आहे.

पडद्यावरचे चाहते, पायऱ्यांवरचे प्रेक्षक

मग इंटरनेटवरची लोकप्रियता अगदीच निरुपयोगी आहे का? तसेही नाही. याचा सगळ्यात ठोस पुरावा मुंबईतच मिळतो. १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-०ने हरवले, तेव्हा स्टेडियमवर २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने एक साधा व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्यायच्या तर द्या, पण स्टेडियमवर येऊन द्या, असा त्याचा मथितार्थ होता. विराट कोहली आणि सचिन तेंडुलकर यांनी तो पुढे पोहोचवला. ४ जूनला केनियाविरुद्धच्या, छेत्रीच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याची सगळी तिकिटे खपली. पावसात भिजत लोकांनी ३-०चा विजय पाहिला.

याच्याशेजारी २०२३चे उदाहरण ठेवून पाहावे. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी आणि सौदीच्या अल हिलालची गाठ पडली आणि अल हिलालचा नेमार मुंबईत खेळणार या कल्पनेने देशभर उत्साह पसरला. ऑक्टोबरमध्ये नेमारच्या गुडघ्याला दुखापत झाली. ६ नोव्हेंबरला नेरूळला सामना झाला, नेमार नव्हता, मुंबई ०-२ने हरली. उत्साह क्लबभोवती नव्हता, एका माणसाच्या गुडघ्यावर टांगलेला होता.

दोन्ही प्रसंगांतला फरक समजून घेतला पाहिजे. छेत्रीने आपली लोकप्रियता लोकांना मैदानाकडे वळवण्यासाठी वापरली, आणि वळल्यावर त्यांना जायला जागा होती. एम्बापेचे इन्स्टाग्रामवर दहा कोटींहून जास्त चाहते आहेत, त्यांत आपल्याकडची असंख्य पोरे असणार. २०२२च्या अंतिम सामन्यात तीन गोल करूनही हरलेला हा खेळाडू त्यांच्या मनात बसला, यात वावगे काही नाही. पण ही पोरे ज्या व्हिडिओंवरून पायाच्या करामती शिकतात, त्या करून पाहायला त्यांना तासाला पैसे मोजून टर्फ बुक करावा लागतो. दहा जणांनी वर्गणी काढायची, तासाभरात बाहेर यायचे. ज्याच्याकडे वर्गणी नाही, तो जाळीबाहेर उभा.

लीगच्या धोरणातही या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलत गेले. २०१४मध्ये एका संघाचे सहा परदेशी मैदानावर उतरू शकत. २०१७पासून पाच, २०२१पासून चार. मार्कीची सक्तीही २०१७मध्ये गेली. भारतीय खेळाडूंना जागा मिळावी हा हेतू, आणि त्याचा फायदा दिसला. एप्रिल २०२२मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतला तो भारतीय क्लबचा पहिला विजय. विजयी गोल पुन्हा राहुल भेकेच्या डोक्यातून आला. पण लीगचा पाया किती ठिसूळ आहे, हे जुलै २०२५मध्ये उघडे पडले. महासंघ आणि आयोजक कंपनीतला करार संपत आला, नवा होईना आणि पुढचा हंगामच लांबणीवर पडला. महिंद्र युनायटेडच्या वेळचाच धडा, फक्त आकडे मोठे.

त्राप, बाँदी आणि घोडपदेव

फ्रेंच खेळाडूंकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांच्या चित्रफितींत नसून त्यांच्या बालपणात आहे. अनेल्का वाढला ते त्राप आणि एम्बापे वाढला ते बाँदी, या दोन्ही पॅरिसच्या वेशीवरच्या, स्थलांतरितांच्या आणि कामकऱ्यांच्या वस्त्या. तिथे श्रीमंती नाही. पण वस्तीचा क्लब आहे, नगरपालिकेचे मैदान आहे आणि मुलांना शिकवणारा माणूस आहे. एम्बापेचे वडील बाँदीच्या क्लबमध्येच प्रशिक्षक होते. १९८८पासून चालणाऱ्या क्लेरफाँतेनच्या केंद्रात पॅरिस परिसरातली तेरा वर्षांची निवडक मुले दोन वर्षे राहतात, पण शनिवार-रविवारी आपापल्या क्लबकडून खेळायला घरी जातात. देशाची सर्वोत्तम प्रबोधिनीसुद्धा मुलाचे गल्लीशी असलेले नाते तोडत नाही. अनेल्काला घडवणारे व्हेंगर नोव्हेंबर २०२३मध्ये भुवनेश्वरला फुटबॉल प्रबोधिनीच्या उद्घाटनाला आले होते. प्रबोधिनी हवीच. पण तिथे पाठवायला मुले ज्या हजारो मैदानांवर घडतात, ती मैदाने आधी हवीत.

घोडपदेव हे मुंबईचे त्राप म्हणायला हरकत नाही. फेरबंदर, डी. पी. वाडी, रामभाऊ भोगले मार्ग, गिरण्यांच्या आणि बंदराच्या कामगारांची ही वस्ती. इथे कौशल्याची वाण नव्हती, जागेची होती. आणि जागा मिळण्याची संधी एकदा येऊन गेली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावा अशी तरतूद होती. २००१च्या दुरुस्तीने हा हिस्सा संपूर्ण जमिनीऐवजी केवळ रिकाम्या जमिनीवर मोजायचे ठरले, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मिळणारी मैदाने कागदावरच आकसली. न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या, ही समाधानाची गोष्ट. त्या इमारतींतल्या मुलांनी फुटबॉल कुठे खेळायचा, याचे उत्तर मात्र नियोजनात हरवले.

निष्कर्ष

फ्रेंच खेळाडूंच्या या दशकाचा ताळेबंद मांडायचा तर तो असा. मोठ्या नावाने लोकांचे लक्ष वेधले जाते, ते काही आठवडे टिकते. चांगल्या निवडीने करंडक येतो, तो क्लबच्या कपाटात राहतो. खेळ टिकतो तो वस्तीत मैदान आणि क्लब असेल तरच. ऑनलाइन लोकप्रियता यातल्या पहिल्या पायरीपुरती कामाची आहे, आणि तीसुद्धा छेत्रीने वापरली तशी वापरली तर.

मैदान मिळवण्याची दुसरी संधी अजून पुरती गेलेली नाही. घोडपदेवच्या पूर्वेला रे रोड ओलांडले की बंदराच्या जमिनी लागतात. २०१४च्या राणी जाधव समितीने या जमिनींचा विचार करताना मोकळ्या जागांवर भर दिला होता. तिथे एक पूर्ण मापाचे, महापालिकेने चालवलेले, मुलांना पैसे न घेता खुले असणारे फुटबॉल मैदान मागणे ही चैन नव्हे. नगरसेवकाला, आमदाराला, सोसायटीच्या सभेला ही मागणी लेखी द्यावी. आणि ती मान्य होईपर्यंत पुढच्या रविवारी आपल्या पोराला घेऊन कूपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर स्थानिक लीगचा एखादा सामना पाहायला जावे. एम्बापेला अजून एक चाहता मिळाला नाही तरी चालेल. आपल्या शहरातल्या खेळाडूंना मात्र प्रेक्षक हवे आहेत.